नकाशाच्या रकान्यांत मुळशी

तैलबैल्याच्या पठारातून दोन कातळभिंती सरळ वर उठलेल्या आहेत. दोघींच्या मध्ये खिंड आणि भोवती ताशीव कडे. घनगडावरून, कोरीगडावरून, खाली कोकणाच्या अंगाला सुधागडावरून, कुठूनही पाहिले तरी त्या चटकन ओळखू येतात. आता या भिंती नकाशावर दाखवायच्या आहेत असे समजा. शिखर म्हणून नोंद केली तर एक टिंब पडेल आणि शेजारी उंचीचा आकडा. कडा म्हणून नोंद केली तर टिंबाच्या जागी रेषा ओढावी लागेल. उघडा कातळ म्हणून नोंद करायची तर सीमा आखून आतला भाग रंगवावा लागेल. पण उपग्रह वरून पाहतो आणि वरून पाहणाऱ्याला उभ्या भिंतीचा फक्त माथा दिसतो. एवढा प्रचंड कातळ मग नकाशात दोन बारीक पट्ट्यांपुरता उरतो.

तिन्ही नोंदी खऱ्याच आहेत. प्रस्तरारोहण करणाऱ्याला कडा हवा असतो, विमानाचा मार्ग आखणाऱ्याला माथ्याची उंची, आणि कड्याच्या कपारीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याला कातळाचा पृष्ठभाग. डोंगर तोच असतो, त्याला विचारलेला प्रश्न बदलतो. नैसर्गिक भूरूपांचे वर्ग पाडणे हे काम वरवर कारकुनी वाटते. खरे तर नकाशाशास्त्रातला हा सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यात झालेली गफलत कागदावर राहत नाही, थेट जमिनीवर आणि तिथल्या माणसांवर येऊन पडते. मुळशी तालुक्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीची संगणक कंपन्यांची नगरी, पश्चिम टोकाला सह्याद्रीची मुख्य धार आणि ताम्हिणीचा घाट. अंतर पन्नासेक किलोमीटरचे. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या माथ्यावर त्याच्या कित्येक पट. त्यामुळे एका तालुक्यात विरळ काटेरी झुडपांपासून ताम्हिणी आणि अंधारबनाच्या दाट, जवळजवळ सदाहरित झाडीपर्यंत सगळ्या पायऱ्या सापडतात. मधे भाताची खाचरे, गवताळ माळ, कातळाचे सडे, देवराया, धरणांचे जलाशय आणि अलीकडे पसरलेली फार्महाउसे. हे सगळे एका नकाशात बसवताना कोणते रकाने आखायचे?

माझे म्हणणे असे, की आपण एकाच रकान्यात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. जमिनीचे रूप ही एक गोष्ट : कडा, पठार, दरी, खिंड. तिच्यावरचे आवरण ही दुसरी : झाडी, गवत, कातळ, पाणी. तिचा वापर ही तिसरी : शेती, चराई, वस्ती. आणि तिच्यावरचा हक्क ही चौथी : खासगी, गायरान, वनखात्याची, देवाची. ‘जंगल’ हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे? दाट झाडी दिसते म्हणून जंगल, की वनखात्याच्या कागदावर आहे म्हणून जंगल? माळ हे रूप आहे की आवरण? गायरान हा वापर आहे की हक्क? नकाशांतले बहुतेक वाद या सरमिसळीतून जन्माला येतात.

रूप हा त्यातला सगळ्यांत स्थिर रकाना. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक साचलेले हे थर सारखे कठीण नाहीत. घट्ट, एकसंध थर कड्याच्या रूपाने उभा राहतो. सच्छिद्र किंवा लालसर मातकट थर लवकर झिजतो आणि तिथे उतार तयार होतो. म्हणून इथल्या डोंगराची चढण कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशी असते. माती या मधल्या उतारांवर साठते आणि झाडीही तिथेच तग धरते. लांबून पाहिले की डोंगराला हिरवे आडवे पट्टे दिसतात ते यामुळे. म्हणजे रूप आणि आवरण वेगळे रकाने असले तरी एकाचा दुसऱ्यावर ताबा चालतो.

इथल्या लोकांनी या रूपांची विभागणी फार बारकाईने करून ठेवली आहे. डोंगरातून पुढे निघालेली सोंड वेगळी, तिची वरची धार वेगळी. कड्यामधून कोकणात उतरणारी दगडधोंड्यांची अरुंद नाळ वेगळी आणि घाट वेगळा : नाळेतून माणूस कसाबसा उतरतो, ओझ्याचा बैल घाटानेच जातो. माथ्यावरच्या उघड्या कातळाचा सपाट भाग म्हणजे सडा, पातळ मातीवर गवत धरलेला तो माळ, दोन चढांमधली ओल धरणारी खोलगट जागा ते लवण. गुरे कुठे न्यायची, पाणी कुठे मिळेल, पावसात कुठे पाय ठेवायचा नाही, या रोजच्या प्रश्नांतून ही विभागणी झाली. वर्गीकरण म्हणून तिच्यात खोट काढण्यासारखे फारसे काही नाही.

मोठ्या प्रमाणावरची विभागणीही अशीच अनुभवातून आली. शिवकाळात हा प्रदेश मावळांत वाटलेला होता आणि एकेक मावळ म्हणजे बहुधा एकेका नदीचे खोरे. पौड मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे ही त्यातलीच. आजचे जलवैज्ञानिक ज्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात, तेच एकक तेव्हाच्या कारभाराने धरलेले होते. गाव डोंगराच्या या अंगाला की त्या अंगाला, यावर त्याचे पाणी, त्याची वाट आणि त्याचे सोयरसंबंध ठरत होते.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाचे नकाशे करतो आहे. त्याच्या क्रमवारीत मुळशी ‘४७ एफ’ या चौकटीत येते. पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या त्या पत्रकांवर दर वीस मीटरला एक समोच्च रेषा असते. डोंगराचे अंग त्यात सुंदर उठून दिसते. मात्र पंधरा मीटर रुंदीची नाळ या प्रमाणावर ०.३ मिलिमीटर होते, म्हणजे छापील रेषेच्या जाडीइतकी. शेकडो वर्षे माणसांनी वापरलेली वाट समोच्च रेषांच्या गर्दीत नाहीशी होते. याच पत्रकांवरची एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा काळ्या रेषेत छापण्याची तिथे रीत आहे. जुलैत मुळशीला येणाऱ्या पर्यटकाला प्रत्येक घळीतून धबधबा कोसळताना दिसतो. नकाशा त्याला सांगतो, की यातले बहुतेक प्रवाह उन्हाळ्यात कोरडे असतात. एका रंगात अख्खे ऋतुचक्र सांगितलेले आहे. दुर्दैवाने आजच्या मोबाइलवरच्या नकाशांत हा भेद बहुधा पुसला जातो आणि सगळे ओढे सारखेच निळे होतात.

आवरणाकडे वळलो की स्थैर्य संपते. जगभर या रकान्यासाठी अनेक पद्धती झाल्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी जेम्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत सर्वांत गाजली. पहिल्या पातळीवर शहरी भाग, शेती, कुरणे, वने, पाणी, पाणथळ, उजाड भूमी, टुंड्रा आणि कायमचा बर्फ असे नऊ वर्ग. तिचा साचा अमेरिकेचा. मला त्यापेक्षा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने पुढे तयार केलेली पद्धत अधिक विचारी वाटते, कारण ती तयार वर्गांची यादी हातात देत नाही, आधी तीन प्रश्न विचारते. इथे वनस्पती आहेत की नाहीत? जागा कोरडी आहे की नियमित पाण्याखाली असते? आणि जे आहे ते निसर्गाने आलेले की माणसाने केलेले? या तीन प्रश्नांच्या हो-नाहीतून आठ मूळ वर्ग निघतात. पुढचा तपशील त्यांच्या पोटात.

हे प्रश्न मुळशीला विचारून पाहू. आंबेमोहोरासाठी नावाजलेल्या इथल्या भातखाचरांचे उत्तर सरळ आहे : वनस्पती आहेत, काही महिने पाण्यात असतात, माणसाने लावलेल्या आहेत. सड्याचे उत्तर त्याहून उद्बोधक. या पद्धतीत वर्षातले निदान दोन महिने किमान चार टक्के आवरण वनस्पतींचे असले, तर जागा ‘वनस्पतींची’ धरतात. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला काळा दगड. पण जून-जुलैत कातळाच्या खळग्यांत पाणी साठते, पातळ मातीच्या थरात गवत उगवते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवे, तेरडा यांचे ताटवे लागतात. सीतेच्या आसवांसारखी काही झाडे तर मातीत पोषण नाही म्हणून कीटक पकडून जगतात. म्हणजे सडा उजाड नाही, वर्षातले थोडेच महिने जगणारी ती स्वतंत्र परिसंस्था आहे. अपर्णा वाटवे यांनी उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या कातळपठारांचा २०१३ साली जो आढावा प्रसिद्ध केला, त्यामागे याच अधिवासांना त्यांची ओळख आणि संरक्षण मिळावे ही तळमळ होती. साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळाले. तसे भाग्य बाकीच्या सड्यांच्या वाट्याला आलेले नाही. देशाच्या पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह २००० पासून निघतो आहे. त्याच्या तेवीस वर्गांत ‘खडकाळ पड’ हा एक वर्ग आहे, आणि विरळ झुडपांची जमीनही पडीक जमिनींच्या याच यादीत मोडते. एकदा पडीक हा शिक्का बसला, की तिथे खाणीला, बांधकामाला किंवा झाडे लावण्याच्या मोहिमेला हरकत घेणारा उरत नाही. सड्यावर खड्डे घेऊन झाडे लावणे हे सड्याचे नुकसान आहे, हे पटवून द्यायला मग वर्षे जातात.

निसर्गाने आलेले की माणसाने केलेले, हा तिसरा प्रश्न मुळशीत पाण्याबाबत सर्वांत बोचरा आहे. तालुक्याच्या मधोमध पसरलेला जलाशय बहुतेक नकाशांत निळ्या रंगाचा एक तुकडा असतो. लोकसहभागातून घडणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या जागतिक नकाशात तो ‘नैसर्गिक’ या मुख्य गटाखालच्या ‘पाणी’ या वर्गात येतो, आणि हे पाणी धरणाचे आहे ही नोंद दुसऱ्या रकान्यात भरावी लागते. ती भरली नाही तर हे सरोवर पृथ्वीच्या आरंभापासून इथेच असावे असा समज होईल. प्रत्यक्षात ते टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदी अडवून केलेले आहे. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी त्यासाठी जाणार होत्या. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, आणि ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून वीज निघू लागली. मुळशीतली सर्वांत कसदार भातजमीन खोऱ्याच्या तळाशी होती. निळ्या रंगाखाली ती आहे.

आणि हे पाणी जाते कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. मुळा पूर्वेला वाहते, पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. जलाशयातले पाणी मात्र बोगद्यातून सह्याद्रीच्या धारेखालून पश्चिमेला वळवले आहे. सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला ते जनित्रे फिरवते आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. कोलाडला कुंडलिकेत तराफ्यांचा जो खेळ चालतो, तो या सोडलेल्या पाण्यावर. संगणकाला जमिनीच्या उंचीचे आकडे दिले की तो खोऱ्यांच्या सीमा अचूक आखतो. रूपाच्या दृष्टीने त्या बरोबरही असतात. पण थेंबाचा खरा प्रवास त्या नकाशात दिसत नाही. शिवाय उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठाला मातीची रुंद पट्टी उघडी पडते. ती पाणी की जमीन? ऑक्टोबरचे चित्र घेतले तर पाणी, मेमधले घेतले तर जमीन.

उपग्रहाचे डोळे कसे चालतात हे इथे थोडक्यात सांगायला हवे. हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंमधला फरक मोजला की कुठे किती हिरवाई आहे ते कळते. माती, दगड, पाणी यांची परतफेड वेगवेगळी असते. त्यावरून संगणक चित्रातल्या प्रत्येक चौकोनाला एकेक वर्ग देतो. सपाट प्रदेशात हे काम बरे होते. सह्याद्रीत अडचणी उभ्या राहतात. बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातात; हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि पश्चिमेकडे व वायव्येकडे तोंड केलेले कडे सावलीत बुडालेले असतात. गडद सावली आणि खोल पाणी संगणकाला सारखेच काळे दिसते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वणव्याने जळालेला उतार कातळासारखा वाटतो. पावसाळ्यात ढगांखाली काहीच दिसत नाही. आणि कारवी? डोंगरउतारांवर माणसाच्या उंचीएवढी वाढणारी, जिच्या काठ्यांनी इथे कुडाच्या भिंती बांधतात ती कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. आदल्या वर्षी गच्च हिरवा असलेला उतार पुढच्या वर्षी वाळक्या काटक्यांचा होतो. ज्याला कारवी माहीत नाही असा विश्लेषक दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवून जंगलतोड झाली असा निष्कर्ष काढू शकतो.

आता एक उतार घेऊ, कारण मुळशीचा खरा पेच उतारावर आहे. खाली खाचर, वर कडा आणि मध्ये वीस-पंचवीस अंशांचा उतार. सातबाऱ्यावर तो वरकस जमीन म्हणून असतो. पूर्वी त्यावर दोन-तीन वर्षे नाचणी आणि वरी घेत, मग माती थकली की काही वर्षे तो विसावत असे. विसाव्याच्या काळात त्यावर गवत येई, करवंद, गेळा, ऐन वाढत. भाताची रोपे टाकण्याआधी दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजावी लागे; या भाजण्याला राब म्हणतात. त्यासाठी लागणारा टाहाळ याच झाडांच्या फांद्या छाटून मिळे. म्हणजे वर नाचणी, खाली भात, आणि दोघांना बांधणारा राब. हा उतार पेरलेला असो वा पडीक, शेतकऱ्याच्या लेखी शेतीचाच भाग होता. वारंवार छाटल्यामुळे तिथली झाडे खुरटी, बुंध्याला झुबके फुटलेली दिसतात. उपग्रहाच्या भाषेत हा उतार ‘झुडपी जमीन’ होतो. पडीक जमिनींच्या नकाशात तो पड होतो. ज्या वर्षांत नाचणी असते तेव्हा शेती होतो. छाटणी थांबून पंधरा-वीस वर्षे गेली की झाडे एकमेकांना भिडतात आणि तो जंगल होतो.

जंगल म्हणजे किती, याचे भारतीय वन सर्वेक्षणाचे उत्तर काटेकोर आहे. किमान एक हेक्टर जमीन आणि झाडांच्या छत्राने झाकलेला किमान दहा टक्के भाग. मालकी कोणाचीही, झाडे कोणतीही. छत्र सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर अति दाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस विरळ आणि दहाच्या खाली झुडपी. ही व्याख्या मोजायला सोपी आहे आणि देशभर एकच फूटपट्टी लागते, हा तिचा मोठा गुण. पण तिच्या लेखी अंधारबनातली शेकडो वर्षांची झाडी आणि एखाद्या प्रकल्पातली दाट लावलेली परदेशी झाडे एकाच रंगाची होतात. दुसऱ्या बाजूला देवराई हातची जाते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात अनेक गावांना देवराई आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांचे वैज्ञानिक मोल जगापुढे मांडले. त्यातल्या कित्येक एक हेक्टरपेक्षा लहान असतात. पन्नास हजारांत एक या प्रमाणावर एक हेक्टर म्हणजे दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. ज्या उपग्रहचित्रातला एक चौकोन साडेतेवीस मीटरचा असतो, त्यात अठरा चौकोन. यापेक्षा लहान राई वर्गीकरणात शेजारच्या रंगात मिसळून जाते. जुन्या वेली, मोठ्या ढोल्यांचे वृक्ष, राईतून निघणारा झरा, आणि एकाही फांदीला कोयता न लावण्याचा गावाचा नेम, हे सगळे त्या अठरा चौकोनांच्या खाली राहते. ओपनस्ट्रीटमॅपवर वर्षानुवर्षे वाद चालतो, की आपोआप वाढलेली झाडी आणि माणसाने राखलेले वन यांना वेगळे वर्ग द्यावेत की एकच. देवराई दोन्हींत बसते. ती आपोआप वाढली, कारण माणसांनी ती राखली.

हक्काचा रकाना याहून कडवा आहे. महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने संपादनाचा कायदा लागू झाला आणि वन ठरलेल्या खासगी जमिनी राज्याकडे गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सांगितले, की वन हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा, मालकी कोणाचीही असो. शिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही वनच. निसर्गाच्या बाजूने हा आदेश फार मोठा आधार ठरला. पण आपल्या उताराचे पुन्हा पाहा. एकही झाड नसले तरी दप्तरात नोंद असेल तर तो वन. नोंद नसली आणि शेतकऱ्याने छाटणी थांबवली, तर झाडीमुळे वन ठरण्याची शक्यता. अशा भीतीने उतार मुद्दाम उघडा ठेवण्याचा मोह होतो. रकाने धड वेगळे न ठेवल्याने झाडी वाढू देणाऱ्यालाच धास्ती वाटावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. आवरण काय आहे, हा पाहून ठरवण्याचा प्रश्न. जमीन कोणाची आणि तिथे काय करता येईल, हा न्यायाने ठरवण्याचा. पहिल्याचे उत्तर आले की दुसऱ्याचे आपोआप आले असे मानले जाते, तिथे घोटाळा होतो.

हीच गाठ पश्चिम घाटाच्या दोन मोठ्या अहवालांत आहे. गाडगीळ समितीने २०११ मध्ये संपूर्ण घाटावर अक्षांश-रेखांशाच्या पाच मिनिटांची, म्हणजे अंदाजे नऊ किलोमीटरची जाळी टाकली आणि प्रत्येक चौकोनाला संवेदनशीलतेचा दर्जा दिला. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये वेगळी वाट धरली. त्याने उपग्रहचित्रांवरून घाटाची ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूदृश्ये अशी विभागणी केली. जवळजवळ साठ टक्के भाग शेती, वस्त्या, लागवडी यांचा म्हणून सांस्कृतिक, उरलेला एक्केचाळीस टक्के नैसर्गिक. त्या नैसर्गिक भागातला बहुतेक, म्हणजे घाटाच्या सुमारे सदतीस टक्के आणि साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा प्रदेश संवेदनशील ठरवावा अशी शिफारस झाली. एकक होते गाव : ज्याच्या क्षेत्राचा किमान वीस टक्के भाग त्यात येतो ते गाव यादीत. मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली आणि ३१ जुलै २०२४ रोजी सहाव्यांदा काढली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर येतात आणि यादीत मुळशीची गावेही आहेत.

संरक्षणाची गरज आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोसे खोऱ्यातल्या लवासाच्या बांधकामांकडे किंवा रस्त्यालगतच्या कापलेल्या टेकड्यांकडे पाहिले की ती कोणालाही पटेल. पण वरकस उतार ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ यांपैकी कशात घालायचा? पिढ्यान् पिढ्यांच्या छाटणीने, विसाव्याने आणि चराईने त्याचे गवत व झुडपे घडली आहेत. देवराई गावाच्या श्रद्धेने टिकली आहे. चराई थांबली की माळाचेही रूप पालटते. मुळशीतले जवळजवळ प्रत्येक भूदृश्य निसर्ग आणि माणूस यांनी मिळून घडवलेले आहे. वर्गीकरणाला दोनच कप्पे दिले, तर ही भागीदारी दाखवायला जागा राहत नाही. मग गावकऱ्याला वाटते, आपण राखलेले रान ‘नैसर्गिक’ म्हणून काढून घेतले; आणि बांधकाम व्यावसायिक म्हणतो, हे तर ‘सांस्कृतिक’, इथे हवे ते करता येईल.

यावर उपाय नवीन नाही आणि अवघडही नाही. भूस्थानिक माहितीविषयीच्या २०२१ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनंतर देशात नकाशे करणे पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळे झाले आहे. गावातली मुले हातातल्या मोबाइलवर नेमके स्थान नोंदवू शकतात. फक्त एका जागेला एकच नाव देऊन थांबू नये. रूप, आवरण, वापर, हक्क असे चार रकाने वेगळे ठेवावेत आणि आवरणाच्या नोंदीपुढे महिना व वर्ष लिहावे. माळ कुठे संपतो आणि झुडपे कुठे सुरू होतात ही सीमा जमिनीवर रेषेसारखी नसते, पन्नास-शंभर मीटरचा तो पट्टा असतो. तो पट्टा म्हणूनच दाखवावा. संगणकाने दिलेला वर्ग जागेवर जाऊन पडताळावा. अँडरसनच्या पद्धतीतही शंभरातली किमान पंच्याऐंशी उत्तरे बरोबर यावीत अशी अपेक्षा आहे, म्हणजे पंधरांची चूक पद्धतीने आधीच गृहीत धरली आहे, आणि सह्याद्रीच्या सावल्यांत ती वाढते.

सुरुवात झऱ्यांपासून करावी, असे मी सुचवीन. मुळशीत झरा बहुधा तिथे फुटतो जिथे भेगांचा किंवा सच्छिद्र लाव्ह्याचा थर संपून खाली घट्ट थर लागतो. वरून मुरलेले पाणी तिथे अडते आणि आडवे बाहेर येते. एकाच उंचीवर ओळीने झरे सापडतात ते म्हणून. नकाशात झऱ्याला एक टिंब पुरते. पण त्या टिंबापुढे कोणत्या थरावर आहे हे रूप, भोवती राई आहे की माळ हे आवरण, माणसे पितात की गुरे हा वापर, आणि कोणाच्या गटात येतो हा हक्क, अशी चारही उत्तरे लिहावी लागतात. पाण्याची धार मोजायची ती मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाळ्याच्या आधी. ऑगस्टमध्ये मुळशीत कुठेही पाणी असते.